युक्रेनला दिलेल्या शस्त्रांचा हिशोब: अमेरिकी तपासनिसांचे अहवाल वाचून

परीक्षण कशाचं ते आधी सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि तेव्हापासून अमेरिकेने युक्रेनला शस्त्रं, दारूगोळा, गाड्या, दुर्बिणी असं बरंच काही पाठवलं. हा माल नीट पोचला का, त्याची नोंद आहे का, किंमत बरोबर लावली का, हे तपासणारे अमेरिकी सरकारी अहवाल कोणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पेंटागॉन (अमेरिकी संरक्षण खातं), परराष्ट्र खातं आणि परदेशी मदत वाटणारी यूएसएड या तिन्ही ठिकाणी इन्स्पेक्टर जनरलचं, म्हणजे खात्याच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या तपासनिसाचं, स्वतंत्र कार्यालय होतं. युक्रेनच्या मदतीसाठी या तिघांनी मिळून एक वेगळं संकेतस्थळ केलं आणि तिमाही अहवाल सुरू केले. याखेरीज अमेरिकी संसदेसाठी काम करणारं गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, म्हणजे जीएओ आहे; आपल्या कॅगच्या जवळपास जाणारं. या सगळ्यांचे अहवाल ही एक सार्वजनिक सेवा आहे असं मी मानते, आणि मी ती नियमित वापरते. म्हणून हा अभिप्राय.

मी पुण्यात संरक्षण लेखा विभागात नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं लोकल ऑडिटमध्ये गेली. लोकल ऑडिट म्हणजे युनिटमध्ये, डेपोत जायचं आणि भांडाराची लेजरं तपासायची. माल पाठवणाऱ्याचं इश्यू व्हाउचर आणि घेणाऱ्याचं रिसीट व्हाउचर एकमेकांना जुळतं का, लेजरातली शिल्लक मांडणीवरच्या मालाशी मिळते का, तूट असेल तर लॉस स्टेटमेंट, म्हणजे तुटीची रीतसर नोंद, झालंय का. हे काम ज्याने केलंय त्याला युद्धाच्या बातम्या वाचताना एक प्रश्न हमखास पडतो: एवढा माल गेला, पोच कोणी दिली?

पाचपैकी चार तारे देते. एक तारा का कापला ते पुढे येईल. आणि जानेवारी २०२५ नंतर या सेवेबद्दल मी बरीच सावध झाले आहे, त्याचंही कारण येईल.

नव्याने वाचणाऱ्याने ११ जानेवारी २०२४ ला प्रसिद्ध झालेल्या अहवालापासून सुरुवात करावी. पेंटागॉनचे तेव्हाचे इन्स्पेक्टर जनरल रॉबर्ट स्टॉर्च यांच्या कार्यालयाचा हा अहवाल. विषय अगदी नेमका आहे. जी शस्त्रं भलत्याच्या हाती पडली तर अनर्थ होईल, त्यांच्या एकेका नगाची नोंद ठेवली जाते का? खांद्यावरून डागायची जॅव्हलिन आणि स्टिंगर क्षेपणास्त्रं, अंधारात पाहायच्या दुर्बिणी, स्विचब्लेड ड्रोन असा माल या यादीत येतो. नियम असा की असा प्रत्येक नग पोचल्यापासून ९० दिवसांच्या आत सीरियल नंबर पाहून मोजायचा आणि पुढे दरवर्षी पुन्हा मोजायचा. शंभर टक्के मोजणी. नमुन्यादाखल चार पेट्या उघडून भागत नाही.

तपासनिसांना काय दिसलं? २ जून २०२३ च्या नोंदींनुसार अशा जोखमीच्या मालाचे एकूण नग ४० हजारांच्या जरा खाली, आणि किंमत १ अब्ज ६९ कोटी ९० लाख डॉलर. त्यातल्या १ अब्ज ५० लाख डॉलरच्या मालाची मोजणी मुदतीत झालेली नव्हती. म्हणजे ५९ टक्के.

आकडा बाहेर आला आणि जगभर मथळे झळकले. माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो, तिथे कर भरतो. त्याने लगेच मेसेज केला, "मावशी, बघ, आमच्या टॅक्सच्या पैशांची एक अब्ज डॉलरची शस्त्रं गायब!" मी त्याला मूळ अहवाल पाठवला आणि सांगितलं, अरे, आधी हे वाच, मग आपण बोलू. कारण माल चोरीला गेला असा निष्कर्ष त्या अहवालात नाहीच. मदतीचा माल दुसरीकडे वळवला गेला का, हे ठरवणं या तपासणीच्या कक्षेत नव्हतं असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. गुन्ह्याच्या तक्रारींचा तपास पेंटागॉनच्या इन्स्पेक्टर जनरलचीच गुन्हे शाखा वेगळा करते आहे, हेही सांगितलं आहे.

ऑडिटर म्हणून मला या अहवालातली ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. मोजणी न झालेला माल एका रकान्यात आणि तूट आलेला माल दुसऱ्या रकान्यात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिस्तीचं काम. न मोजलेला माल उद्या जागेवर सापडेलही. पण 'सापडेलही' एवढ्यावर कोणी सही करत नाही. अशा वेळी मोह दोन्हीकडून असतो. विरोधकांना ओरडायचं असतं की चोरी झाली; खात्याला म्हणायचं असतं की कागद जरा मागे पडलेत, बाकी सगळं आलबेल आहे. हा अहवाल दोघांच्याही दावणीला बांधला जात नाही. ज्याचा पुरावा हातात आहे तेवढंच तो बोलतो, आणि ज्याचा नाही ते आपण बोललेलो नाही हेही नोंदवून ठेवतो. असं लिहायला धाडस लागतं. मी असे पॅरा मसुद्यात पाहिले आहेत आणि अंतिम प्रतीत ते कसे बोथट होतात तेही पाहिलं आहे.

मोजणी का राहिली, त्याची कारणंही अहवालात आहेत. सीमेबाहेरच्या ज्या तळावरून माल युक्रेनमध्ये जातो तिथे आणि प्रत्यक्ष युक्रेनमध्येही या कामाला माणसं अपुरी होती. युद्धामुळे अमेरिकी माणसांना देशात मोकळेपणी फिरता येत नव्हतं. आघाडीवर तर नाहीच. आणि डेटाबेसमध्ये भरलेली माहिती खरी आहे का, हे पडताळायची व्यवस्था कमकुवत होती. पहिली दोन कारणं मी मान्य करते. तोफांच्या माऱ्यात कोणी ऑडिटर पाठवू नये. पण तिसरं मला अजिबात पटत नाही. डेटाबेस पडताळणं हे टेबलाशी बसून करायचं काम आहे. तिथे युद्धाचं निमित्त चालू नये, आणि अहवालाने या तिघांना एकाच ओळीत बसवायला नको होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये पेंटागॉनने एक वाट काढली होती. जिथे अमेरिकी माणूस जाऊ शकत नाही तिथे युक्रेनी सैन्याने स्वतःच हातातल्या बारकोड स्कॅनरने मोजणी करायची आणि यादी पाठवायची. व्यवहार म्हणून हे ठीक आहे. ऑडिट म्हणून नाही. ज्याच्या ताब्यात माल आहे त्यानेच मोजलेली शिल्लक ही त्याचं म्हणणं असते. तिसऱ्याने मोजली की ती पडताळणी होते. युद्धात तेवढंच मिळत असेल तर घ्यावं, पण ती मोजणी कोणाची, हे प्रत्येक तक्त्यात वेगळ्या रकान्यात दिसलं पाहिजे.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे माझा या अहवालांवर विश्वास बसला. याच कार्यालयाचा ऑगस्ट २०२० चा एक अहवाल आहे, मोठं युद्ध सुरू व्हायच्या आधीचा. युक्रेनला दिलेल्या मालावरची देखरेख तेव्हा बऱ्यापैकी नियमाप्रमाणे चालली होती असं तो सांगतो, आणि मग रात्री पाहायच्या दुर्बिणींबद्दल नोंद करतो: त्यांच्यावरचे सीरियल नंबरचे स्टिकर लढाईत आणि गोठवणाऱ्या थंडीत सुटून पडतात किंवा वाचता येईनासे होतात. हरवलेल्या किंवा नष्ट झालेल्या दुर्बिणींची खबर युक्रेनी सैन्याकडून वेळेवर येत नाही, हेही त्यात आहे.

स्टिकर सुटतात हे वॉशिंग्टनमध्ये बसून कळत नाही. कोणीतरी दुर्बीण हातात घेऊन उलटीसुलटी केली असणार. आमच्या एका तपासणीत असंच झालं होतं. डेपोचं नाव घेत नाही. दुर्बिणीची पेटी उघडली, कापड बाजूला केलं, तर नंबर कोरलेल्या पट्टीवरून कोणीतरी कधीतरी हिरव्या रंगाचा ब्रश फिरवलेला. भांडारातल्या नाईकाने ब्लेडच्या पात्याने हळूहळू रंग खरवडला, मी टॉर्च धरला. सगळे आकडे लागले, एक सोडून. तो ३ होता की ८, यावर आम्ही तिघं अडलो, कारण लेजरमध्ये दोन्ही नंबरांच्या दुर्बिणी होत्या. शेवटी दुसरी दुर्बीण शोधून आणली तेव्हा उलगडा झाला. एका नगापायी सगळी दुपार गेली. ४० हजार नग, बर्फ, चिखल आणि वर रशियन ड्रोन, अशा ठिकाणी ५९ टक्के मोजणी मागे पडली याचं मला नवल वाटत नाही. काळजी मात्र वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

यानंतर जीएओचे अहवाल वाचा. लिखाण या सगळ्यांत सरस. त्यातला मार्च २०२४ चा मला फार आवडला, कारण त्यातला मुद्दा आमच्या रोजच्या कामातला आहे. माल 'पोचला' असं नेमकं कधी म्हणायचं, याची पेंटागॉनकडे स्पष्ट व्याख्याच नव्हती. त्यामुळे काही वेळा माल वाटेत असतानाच पोचल्याची नोंद व्हायची, प्रत्यक्ष युक्रेनमध्ये पोचायच्या कित्येक आठवडे आधी. आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या स्टोअरकीपरला विचारा. इश्यू व्हाउचर निघालं म्हणजे माल गेला; रिसीट व्हाउचर सही होऊन परत आलं म्हणजे पोचला; आणि मधल्या काळात तो ना याच्या लेजरात ना त्याच्या, म्हणून 'इन ट्रान्झिट' वेगळा दाखवायचा. सगळ्या गफलती या मधल्या काळात होतात. जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याने ही साधी शिस्त पाळली नाही, आणि त्यांच्याच सरकारी तपासनिसाने ते लिहून छापलं. शिवाय यातून पुढची गडबडही होते: ९० दिवसांची मुदत पोचल्याच्या तारखेवरून धरायची, आणि ती तारीखच चुकीची. मग मुदत संपली की नाही हे सांगायचं कशाच्या जोरावर?

पैशांच्या बाजूचं प्रकरण याहून मोठं आहे. १९६१ च्या परकीय मदत कायद्याने अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना आपल्याच सैन्याच्या साठ्यातला माल उचलून मित्रदेशाला देण्याचा अधिकार आहे. त्याला डॉलरमध्ये वरची मर्यादा असते. मग प्रश्न येतो, वीस-पंचवीस वर्षं जुन्या चिलखती गाडीची किंमत काय धरायची? आज नवी घ्यायची तर जे पैसे पडतील ते, की घसारा वजा जाता वहीत उरलेले? धरायची होती वहीतली. बऱ्याच ठिकाणी धरली गेली नव्याची. मे २०२३ मध्ये पेंटागॉनने कबूल केलं की ३ अब्ज डॉलर जास्त धरले गेले. जूनमध्ये तो आकडा ६.२ अब्ज झाला: २.६ अब्ज २०२२ च्या आर्थिक वर्षातले, ३.६ अब्ज २०२३ मधले. जुलै २०२४ मध्ये जीएओने आणखी सुमारे २ अब्ज डॉलरच्या चुका शोधून काढल्या.

याचा परिणाम लक्षात घ्या. जेवढी किंमत जास्त लागली होती तेवढी जागा मर्यादेत पुन्हा मोकळी झाली, आणि संसदेकडे नव्याने मंजुरी न मागता तेवढ्या किमतीचा माल पाठवता आला. युक्रेनच्या बाजूने पाहिलं तर ही चांगलीच बातमी. हिशोबाच्या बाजूने पाहिलं तर अब्जावधी डॉलरचा अधिकार एका किंमत लावायच्या पद्धतीवर वर-खाली होतो, आणि ती पद्धत कोणालाच नीट ठाऊक नव्हती. जीएओने या चुकीचं मूळ कायद्यापर्यंत नेलं आणि किमतीची व्याख्या स्पष्ट करा असं थेट संसदेला सुचवलं. कारकुनावर खापर फोडून मोकळं होणं किती सोपं होतं! ज्या पेंटागॉनला २०१८ पासूनच्या वार्षिक ऑडिटमध्ये एकदाही स्वच्छ अभिप्राय मिळालेला नाही, त्याच्या बाबतीत तर फारच सोपं.

हे सगळं फार बारकाईचं वाटत असेल तर अफगाणिस्तान आठवा. तिथेही मित्र सरकारच्या सैन्याला शस्त्रं दिली गेली. जीएओने २००९ मध्ये सांगितलं की दिलेल्या सुमारे २ लाख ४२ हजार हत्यारांपैकी ८७ हजार हत्यारांचा, म्हणजे ३६ टक्क्यांचा, पूर्ण हिशोब नाही. पुढे सीगार या खास तपासनीस कार्यालयाने वर्षानुवर्षं एकाहून एक अहवाल दिले. इटलीत बनलेली २० जी-२२२ मालवाहू विमानं, कार्यक्रमाचा खर्च ४८ कोटी ६० लाख डॉलर, आणि त्यातली १६ विमानं काबूलमध्ये सुमारे ३२ हजार डॉलरला भंगारात. अफगाण सैनिकांच्या गणवेशासाठी जंगलात लपायला उपयोगी असं नक्षीकाम निवडलं, तेही पैसे भरून वापरायच्या मालकी हक्काचं, आणि देशात जंगल दोन टक्क्यांच्या आसपास. यात २ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत जादा खर्च झाला. सीगारचे अहवाल वाचायला जास्त रंगतदार आहेत, पण बहुतेक घटना घडून गेल्यानंतरचे. युक्रेनच्या अहवालांचं महत्त्व हे की मदत चालू असतानाच ते येत होते, आणि दुरुस्ती करायला वेळ होता.

आता कापलेला तारा.

पहिली तक्रार काळ्या पट्ट्यांची. जानेवारी २०२४ च्या अहवालात जागोजागी मजकूर झाकलेला आहे. कोणत्या तळावर किती माल, हे शत्रूला कळू नये हे मला समजतं, आयुष्य त्याच वातावरणात गेलं. पण दुर्बिणींची मोजणी किती टक्के मागे आणि स्टिंगरची किती, एवढी प्रकारवार टक्केवारी सामान्य वाचकाला नीट मिळाली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? दुर्बीण मोजायची राहणं आणि विमान पाडणारं क्षेपणास्त्र मोजायचं राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सगळं मिळून ५९ टक्के म्हटलं की ज्याला जो अर्थ काढायचा तो काढायला मोकळीक मिळते. मथळेवाल्यांनी ती घेतली.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये हत्यारं खरंच चोरीला गेली होती. खोट्या कागदपत्रांवर स्वयंसेवक तुकडीत शिरलेल्या एका टोळीने ग्रेनेड लाँचर आणि मशिनगन लांबवली. दुसऱ्या एका प्रकरणात साठएक रायफली गोदामात दडवलेल्या सापडल्या. युक्रेनच्या गुप्तचर यंत्रणेने हे कट उधळले आणि माल परत मिळवला. पेंटागॉनच्या इन्स्पेक्टर जनरलने ऑक्टोबर २०२२ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. पण लोकांसमोर आलं जुलै २०२३ मध्ये, तेही एका वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या माहिती अधिकाराखाली अहवाल मागवला म्हणून. हे वाचून मला वाईट वाटलं. त्या अहवालात युक्रेनच्या बाजूची जमेची गोष्टही होती: चोर पकडले, माल परत आला. लपवल्यामुळे तीही झाकली गेली.

आणि वाचकाने एक लक्षात ठेवावं, हे अहवाल फक्त अमेरिकेच्या मालाचा आणि पैशाचा हिशोब देतात. त्यातही एकेक नग मोजायची सक्ती जोखमीच्या यादीपुरतीच. १ अब्ज ७० कोटींची ती यादी, आणि एकूण लष्करी मदत तेव्हाच ४० अब्ज डॉलरच्या आसपास गेलेली. १५५ मिलिमीटरचा तोफगोळा असा मोजला जात नाही आणि मोजताही येणार नाही. युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाने स्वतःच्या पैशाने केलेली खरेदीही यात येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सैनिकांच्या जेवणातलं अंडं १७ रिव्नियाला (हे युक्रेनचं चलन) घेतल्याचं उघड झालं, बाजारात ते ७ च्या आसपास होतं. ते शोधलं युक्रेनच्या पत्रकाराने, युद्ध चालू असताना, स्वतःच्या सरकारविरुद्ध. उपमंत्र्याला जावं लागलं आणि त्याच वर्षी पुढे संरक्षणमंत्रीही बदलले. इतका भ्रष्टाचार आहे म्हणून मदत बंद करा, असं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की चोरी पकडणारे लोक त्याच देशात आहेत आणि काम करत आहेत.

आता जानेवारी २०२५. अमेरिकेत ट्रम्प यांचं नवं सरकार आल्यावर २४ जानेवारीच्या रात्री डझनाहून जास्त इन्स्पेक्टर जनरलना ईमेलने काढून टाकण्यात आलं. त्यात पेंटागॉनचे स्टॉर्च होते आणि परराष्ट्र खात्याचे कार्डेल रिचर्डसनही. ११ फेब्रुवारीला यूएसएडचे पॉल मार्टिन गेले. मदत थांबवल्यामुळे देखरेख कशी कोलमडली, हे सांगणारा त्यांच्या कार्यालयाचा अहवाल आदल्या दिवशीच आला होता. म्हणजे युक्रेनच्या मदतीवर नजर ठेवणाऱ्या तिन्ही कार्यालयांचे प्रमुख तीन आठवड्यांच्या आत खुर्चीवरून उतरवले गेले. काढायचं तर संसदेला ३० दिवस आधी कारणांसह कळवावं, असा कायदा आहे. तो पाळला गेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीश ॲना रेयेस यांनी हे काढणं बेकायदेशीर ठरवलं, पण परत खुर्चीवर बसवलं नाही. १ ऑक्टोबर २०२५ ला तर निधी न सोडल्यामुळे सगळ्या इन्स्पेक्टर जनरलांचे अहवाल एकत्र मिळणारं संकेतस्थळच बंद पडलं.

स्टॉर्च यांनी आधी कीवमध्ये अमेरिकी न्याय खात्यातर्फे भ्रष्टाचारविरोधी कामात सल्लागार म्हणून काही काळ काढला होता. त्यांना तो देश ठाऊक होता. अशा माणसाला एका ईमेलवर घालवणं मला फार लागलं. खालचे ऑडिटर अजूनही चांगलं काम करत असतील, करतच असतील. पण आपल्या साहेबाला आक्षेपामुळे जावं लागलं हे एकदा ऑफिसने पाहिलं की पुढचा आक्षेप लिहिताना हात आखडतो. ते अहवालाच्या पानावर दिसत नाही. म्हणून त्यानंतरचे अहवाल मी वाचते, पण त्यात काय आलेलं नाही याकडे जास्त लक्ष ठेवून. ताऱ्यांत सांगायचं तर तीन.

आपल्याला याच्याशी काय करायचंय, असं कोणी म्हणेल. संबंध थेट आहे. अमेरिकेकडून आपण शस्त्रं घेतो तेव्हा हीच देखरेख आपल्यालाही लागू होते. जुलै २००९ मध्ये हिलरी क्लिंटन दिल्लीला आल्या होत्या, तेव्हा या एंड यूज मॉनिटरिंगच्या, म्हणजे दिलेला माल कुठे आणि कसा वापरला जातो यावरच्या देखरेखीच्या, अटींवर दोन्ही देशांची सहमती झाली आणि आपल्याकडे बराच गदारोळ झाला. त्याच्याही आधी 'ट्रेंटन' ही जुनी अमेरिकी नौका घेऊन आपण तिची 'जलाश्व' केली होती. २००८ च्या अहवालात आपल्या कॅगने त्या व्यवहारावर बोट ठेवलं: आक्रमक कामासाठी नौका वापरण्यावर बंधन आहे, आणि परक्या सरकारला येऊन माल तपासायचा हक्क दिलेला आहे. देणाऱ्या देशाचा ऑडिटर ज्या गोष्टीला कर्तव्य म्हणतो तिला घेणाऱ्या देशाचा ऑडिटर आक्षेपार्ह म्हणतो, आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर. युक्रेनी भांडार अधिकारी परक्या माणसासमोर पेट्या उघडून दाखवतो तेव्हा त्याला काय वाटत असेल याची थोडी कल्पना 'जलाश्व'चा पॅरा वाचून येते.

आपल्याकडच्या वाचकाला माझी अजून एक विनंती. कॅगच्या २०१७ च्या अहवालाने सैन्याकडच्या दारूगोळ्याची तूट किती आहे ते उघड मांडलं होतं आणि देशभर चर्चा झाली होती. त्यानंतर कॅगचे संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर ठेवणं थांबलं. तेव्हाचे कॅग राजीव महर्षी यांनी २०२० मध्ये हा निर्णय जाहीरपणे सांगितला. अहवाल संसदेत मांडले जातात, पण घरबसल्या वाचायची सोय गेली. सुरक्षेचं कारण मी झिडकारत नाही. पण काळ्या पट्ट्या मारून का होईना, युद्धात गुंतलेल्या मदतीचे अहवाल अमेरिका छापत होती, हे उदाहरण आपल्या खासदारांसमोर कोणीतरी ठेवायला हवं. पुण्यात, देहूरोडला, खडकीला, नाशिक रोडला, भुसावळला जिथे घराघरांत ऑर्डनन्सची नोकरी माहीत आहे, तिथून ही मागणी यायला हवी.

हे अहवाल कोणी वाचावेत? पत्रकारांनी, लेखा विभागात नव्याने लागलेल्या मुलामुलींनी, आणि परदेशात राहून कर भरणाऱ्या आपल्या लोकांनी तर नक्कीच. इंग्रजी सरकारी आहे, पण अवघड नाही. अनुक्रमाने वाचत बसू नका. सुरुवातीला निष्कर्षांचा गोषवारा असतो, तो वाचा आणि थेट शेवटी जा, जिथे खात्याची उत्तरं त्यांच्या सहीशिक्क्यासह जशीच्या तशी छापलेली असतात. तपासनिसाने काय मागितलं आणि खात्याने काय कबूल केलं, हे समोरासमोर ठेवलं की मधली पानं पटापट उलगडतात. प्रत्येक शिफारशीपुढे ती मिटली, मान्य झाली की अजून अडली आहे, हे दिलेलं असतं. मान्य झालेल्या पण पूर्ण कधी करणार याची तारीख नसलेल्या शिफारशी वेगळ्या लिहून ठेवा, आणि पुढचा तिमाही अहवाल आला की आधी त्या शोधा.